होडी बांधणाऱ्याची केस

८ सप्टेंबर, रविवार

“उत्तर माहीत असलं ना सिना, की ते सागोच्या गरमागरम, चिकट पापेड्यासारखं तोंडात धरून ठेवायचं. चटका बसला तरी थुंकायचं नाही.”

एली हे मला म्हणाला तेव्हा आमचं लग्न ठरलेलंही नव्हतं. मी नवीन ट्यूटर होते. पहिल्याच गटातली मुलं ताप, हुडहुडी, वाढलेली प्लीहा असं करत मलेरियाभोवती घुटमळत होती आणि मला राहवलं नाही. ‘मलेरिया!’ म्हणून मी मोकळी झाले. मुलांनी पटापट वह्या मिटल्या. एलीनं मला जिन्यात गाठून ते वाक्य ऐकवलं. मी रडले, त्यानं आल्याची कॉफी पाजली, आणि मग पुढचं सगळं झालं.

आज चर्चमधून येताना ते आठवलं, कारण उद्यापासून आमची ट्यूटोरियल्स पडद्यावर. धरणीकंपानं वैद्यकीय फॅकल्टीची दक्षिणेकडची इमारत तडकली, तिथल्या खोल्या बंद झाल्या आणि निम्मी मुलं आपापल्या बेटांवर परतली. एलीनंच ही नवी सोय बसवली. प्रत्येक गटाला एक ऑनलाइन पान. त्यात सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. ज्याचा त्याचा कर्सर वेगळ्या रंगाचा, त्यावर नाव. रुग्णाची गोष्ट तीन भागांत मिळणार. मुलांनी वाचायचं, आपल्याला काय कळत नाही ते मांडायचं, मधल्या दिवसांत शोधून पानावर उतरवायचं आणि पुन्हा व्हिडिओवर भेटायचं. ट्यूटरनं नुसतं ऐकत बसायचं, उत्तर द्यायचं नाही. आमची पद्धत आहे तीच, फक्त टेबल नाही.

एली जुलैत लांगुरला गेला, काई बेटांवरच्या मुलांची व्यवस्था लावायला. ऑगस्टअखेर परत येणार होता. आता म्हणतो, सत्र संपू दे. म्हणतो म्हणजे लिहितो. आईवडिलांच्या मागे रिकाम्या पडलेल्या घरात एकटा राहतो आणि फोन लावला की रेंज नाही असा निरोप येतो. पानावर मात्र त्याचा जांभळा कर्सर सकाळ-संध्याकाळ दिसतो. त्याला रेंज कुठून मिळते?

या वेळी ट्यूटरची मार्गदर्शिकाही, जिच्यात केसचं उत्तर असतं, त्यानं मला दिलेली नाही. बाकीच्या गटांच्या ट्यूटरना दिली. मला लिहिलं: “तू मुलांबरोबर शोध.” बरं. शोधते.

घरी बोलायला कुणी नाही म्हणून ही वही काढली आहे. आम्ही दोघंच असतो घरात, आणि आता मी एकटीच.

९ सप्टेंबर, सोमवार

गट चार. गेरसन गटप्रमुख, हलिमा लेखनिक. गेरसन बुरू बेटाचा, तोंडाळ. हलिमा इथलीच, फॅकल्टीमागच्या गल्लीत राहते. ती त्याला न्योंग म्हणते, तो तिला नोना, म्हणजे पोरा नि पोरी. बाकीची मुलं चांगली आहेत, पण या दोघांच्या भांडणात कुणाला फारसा वाव मिळत नाही.

पहिला भाग असा:

“होडी बांधणारा. वय बावन्न. हात पक्के. हत्यारांची नावं विसरतो. रंधा हवा असतो, ‘ते सपाट करायचं’ म्हणतो. मुलगे हसतात. बायको दुसऱ्या गावी असते.”

गेरसन म्हणाला, “डॉक्टर, ही केस आहे की आमचे बाबा? मला हाक मारायची असली ना, की आधी दोन्ही भावांची नावं, मग कुत्र्याचं, मग मी.”

“म्हणजे कुत्रा तुझ्या आधी,” हलिमा म्हणाली. “बाबांची स्मृती अगदी शाबूत आहे, न्योंग. काळजी नको.”

मग मुलं कामाला लागली. कुणी पक्षाघात म्हटलं, कुणी थायरॉइड, कुणी उदासी. एकानं डोक्यात गेलेला मलेरिया म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी जन्मभर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांवर तेच तर बघत आले आहे. पण गप्प राहिले. उत्तर तोंडात नसतानाही तोंड मिटून बसायची सवय झाली आहे.

एली पानावर होता. बोलला नाही. पहिल्या भागात कसली तरी दुरुस्ती करत होता. जांभळा कर्सर ‘रं’ या अक्षरापाशी थांबला तो कितीतरी वेळ. मग ‘धा’ आलं. लांगुरचं नेट म्हणजे शिक्षाच आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

एलीचा फोन! त्यानं स्वतः केला.

“सिना, ती निळी पाठव. थंडीची. ती... बाह्यांची.”

“स्वेटर म्हण की! आणि लांगुरला स्वेटर? डोकं फिरलं का तुझं?”

“मकासारला जायचंय. मीटिंग. तिथे खोल्या गार.”

“जेवतोस का नीट? खोकला गेला?”

“हं.”

मागून एका बाईचा आवाज आला, अगदी जवळून, लाडानं समजूत घालावी तसा: “पुन्हा एकदा, डॉक्टर. सावकाश.” एलीनं फोन ठेवला.

स्वेटर बांधला. उजव्या कोपरापाशी मागे मी काळ्या धाग्यानं रफू केलं होतं, निळा धागा संपला होता म्हणून. त्याच्यासोबत धुरावलेला मासा आणि केनारीचे दाणे, आमचे इथले बदाम, घातले. दाणे घालताना विचार आला, हे कोण कोण खाणार आहे?

१६ सप्टेंबर, सोमवार

दुसरा भाग:

“रविवारी चर्चमध्ये गातो. सगळी कडवी येतात. बाहेर आला की खिळे मागता येत नाहीत. बायकोशी बोलणं टाळतो. निरोप धाडतो.”

एवढंच. पूर्वी एलीच्या केसेस कशा असायच्या! रुग्णाची बोकडं किती, सासूचा स्वभाव कसा, पडवीत काय वाळत घातलंय. दोन-दोन पानं, आणि मुलं वैतागून म्हणायची, यातलं कामाचं काय? आता किती आटोपशीर लिहायला लागला आहे. मी त्याला तसं कळवलंही: “तुझी भाषा सुधारली.” 

मुलं आज रंगात होती. शब्द जातात पण गाणं राहतं, म्हणजे गाणं मेंदूत दुसरीकडे राहत असणार, इथपर्यंत आपली आपण पोचली. हलिमानं वाचन करून छान मांडलं होतं. मग ती म्हणाली, “पण बायकोला कळलं कसं नाही?”

गेरसन म्हणाला, “नोना हलिमा, नवरा बोलत नाही हा आजार आहे हे कुठल्या बायकोला सुचणार? आमच्या आईला तर सण वाटेल.”

सगळी खो खो हसली. मीसुद्धा.

नंतर मुलं गेल्यावर मी त्या ओळीच्या बाजूला कॉमेंट टाकली: “पत्नीचं पात्र कच्चं आहे. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईच्या हे लक्षात येत नाही, हे पटत नाही.” केस लिहिणाऱ्याला आम्ही असं नेहमीच सुनावतो. एलीला ते आवडायचं, तो भांडायचा. आज जांभळा कर्सर आला, माझ्या कॉमेंटशेजारी थांबला. मी चहा करून आले तरी तिथेच. मग उत्तर उमटलं:

“ती लांब असते. त्यानंच तिला लांब ठेवलं.”

पात्राची एवढी बाजू घेतो! माझी कधी घेतली होती?

२० सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या लग्नाचा दिवस. पिवळ्या रश्शातला मासा केला, मिरची-लिंबाचं कोलो-कोलो वाटलं, पापेडाही घोटला. तो दोन माणसांनी मिळून ताटात वाढायचा असतो. एकटीनं काड्यांवर गुंडाळताना निम्मा ओट्यावर सांडला. फोनकडे बघत जेवले.

दुपारी एक रेकॉर्डिंग आलं. एली गातोय. आम्ही दोघं कॉयरमध्ये असताना ज्या गाण्यात त्याचा एकल आलाप असायचा, ते. सगळी कडवी, एकही सूर इकडचा तिकडे नाही, आवाज तसाच, मधाळ. शेवटी थोडा श्वास ऐकू येतो. मग रेकॉर्डिंग संपतं.

दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? ‘सिना, आठवण येते.’ तेवढंही नाही. गाणं काय, कुणासाठीही गाता येतं.

फॅकल्टीत डीन भेटले. इथल्या रीतीप्रमाणे तेही मला उसी, म्हणजे ताई, म्हणतात. म्हणाले, “अभिनंदन उसी! एलीनं तुमचं नाव सुचवलंय. पुढच्या वर्षीपासून ट्यूटोरियल विभाग तुमच्याकडे.”

“आणि एली?”

ते गडबडले. “तो म्हणाला, तुमच्याशी बोलेल.”

घरी येऊन नुसती बसले. म्हणजे तो येत नाही. सत्र संपलं तरी नाही. आपली जागासुद्धा मला देऊन चालला आहे, निघताना माणूस घराच्या किल्ल्या देतो तशी.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज एक वेडेपणा झाला.

परीक्षेमुळे या सोमवारी गट भरला नाही. पान रिकामंच असेल असं वाटून मी ते उघडलं, केसच्या खाली गेले आणि लिहिलं: “एली, तू मला सोडतो आहेस का? ती कोण आहे? मला तोंडावर सांग.”

लिहिलं आणि लाज वाटली. मुलांचं पान हे. एकेक अक्षर मागून पुसत आले. सगळं पुसल्यावर वर बघितलं तर कोपऱ्यात त्याचं नाव. जांभळा. तो सुरुवातीपासून तिथेच होता. या पानावर दुसऱ्याचं अक्षर उमटताना दिसतं, पुसलं जातानाही दिसतं. त्यानं सगळं वाचलं असणार.

मग जांभळा कर्सर हलला. खाली आला, माझ्या रिकाम्या ओळीवर. ‘स’ उमटला.

मी वाट पाहिली. ‘स’ आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ.

बराच वेळ गेला. मग ‘स’ पुसला गेला आणि त्याचं नाव कोपऱ्यातून नाहीसं झालं. मला ‘सिना’ म्हणायचीही इच्छा राहिली नाही त्याला.

दुपारभर मुलांच्या काचपट्ट्या तपासल्या. एकही धड दिसली नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

केस सुटली.

आज लिहवत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

लिहायला हवं. नाही लिहिलं तर मी ते पुन्हा पुन्हा बघत बसेन.

तिसरा भाग गेरसननं मोठ्यानं वाचला. त्यात शब्द थोडे आणि मध्ये मध्ये फोटो होते. “खोपटात”, मग हातोडीचा फोटो, मग “शोधतो”. मला वाटलं, एलीला नवी गंमत सापडली आहे, मुलांना चित्रं आवडतात. मग ही ओळ आली:

“बायकोकडे”, पुढे एक फोटो, “मागितलं. नाव आलं नाही. रंग सांगितला. ती हसली.”

फोटोत खुर्चीच्या पाठीवर टाकलेला निळा स्वेटर होता. उजव्या कोपरावर काळा धागा.

गेरसन म्हणाला, “काईच्या उन्हात होडी बांधायला स्वेटर! केस लिहिणाऱ्याला ताप आलाय का?” मुलं हसली. मी हसले की नाही ते आठवत नाही. त्याखाली मेंदूच्या स्कॅनचा फोटो होता. कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव कापून टाकलेलं, हॉस्पिटलच्या नावातलं ‘मकासार’ तेवढं अर्धं राहून गेलेलं.

मीटिंग नव्हती तर. त्या यंत्राच्या खोलीत फार गारवा असतो.

मुलं पुढे गेली. त्यांना थांबायचं कारण नव्हतं. हलिमा म्हणाली, “डावीकडे बघा. कानाच्या वरचा भाग. सुकलाय. उजवीकडे भरलेलं आहे आणि इथे पोकळी.” मग एकेक कारण खोडत गेली. पक्षाघात नाही, तो एका दिवसात येतो. हे हळूहळू आलंय. मलेरिया नाही. उदासी नाही, तो गातो. शेवटी तिनं आजाराचं नाव घेतलं, पुस्तकातलं, लांबलचक. शब्दच आधी नेणारा आजार. बाकीचं मागाहून नेतो. गेरसननं टेबलावर थाप मारली. “सुटली!”

हलिमाचा हिरवा कर्सर पळायला लागला. तिचं लिहिणं स्वच्छ असतं. आधी वस्तूंची नावं जातात. मग माणसांची. मग बोललेलं कळेनासं होतं. लिहिणं, वाचणं जातं. औषध नाही. सरावानं काही शब्द काही काळ टिकतात. ती एक ओळ संपवून दुसरी सुरू करत होती आणि मी वाचत होते. जांभळा कर्सर पानाच्या तळाशी उभा होता. तोही वाचत होता. आम्ही दोघं एकाच ओळीवर होतो.

मी बोलले नाही. ट्यूटर बोलत नाही.

मग हलिमा म्हणाली, “अजून एक राहिलं. बायको. तिला कोण सांगणार?”

“तोच. दुसरं कोण?” गेरसन म्हणाला.

“कसा? त्याचे शब्द गेलेत.”

“मग लवकर सांगायला हवं होतं! असताना! समोर बसवायचं, पाणी द्यायचं, हात धरायचा आणि सांगायचं. मागच्या सत्रात शिकलोय की आपण. हा काय माणूस आहे? होड्या बांधतो आणि बायकोला किनाऱ्यावर सोडतो.”

“घाबरला असेल रे.”

“तिचं काय मग? ती तिकडे काय समजत असेल? त्याला दुसरी भेटली असंच ना?”

हलिमानं तिसरा भाग पुन्हा वर सरकवला. “मला तर वाटतं, त्याला सांगता येत नाही म्हणून तो तिला कळायची वाट बघतोय.”

“इतके दिवस? वा! आपल्यासारखं! जणू ती पण गट चारमध्ये आहे.” मग तो माझ्याकडे वळला. “डॉक्टर सिना, तुम्ही सांगा ना. बायकोला कसं सांगायला हवं होतं?”

आठही चेहरे पडद्यावर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “शोधा.”

माझा आवाज अगदी रोजचा होता. मला तो ओळखूही आला नाही.

“यांच्याकडून उत्तर मिळतंय होय!” गेरसन म्हणाला. “चला, पुढच्या वेळेचा प्रश्न: पत्नीला कसं सांगावं. नोना, लिही.”

हलिमानं लिहिलं. मुलं गेली. पानावर मी आणि तो उरलो.   मग संगणकाची बॅटरी गेली, आणि मी चार्जर शोधत घरभर फिरले. तो माझ्या हातातच होता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

लांगुरला फोन. वाजत राहिला. पुन्हा लावला. एका बाईनं उचलला, तोच आवाज.

“मी सिना बोलतेय. एलीची बायको.”

“उसी!” ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. “देवा, बरं झालं. किती दिवस म्हणतेय त्यांना, सांगा, सांगा.”

तिचं नाव मार्था. शेजारी राहते. चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवत होती, आता निवृत्त. एली एके दिवशी तिच्याकडे गेला आणि भिंतीवरच्या चित्रांकडे बोट दाखवून काहीतरी मागायला लागला. तिला आधी कळेना. मग कळलं. तेव्हापासून रोज सकाळी ती चित्रं घेऊन येते. कोंबडी, बादली, चमचा, होडी.

“पहिलीची पोरं चुकली की मी कान धरते. यांचा कसा धरू? डॉक्टर ते! दहा वेळा म्हणून घेते. कोंबडी सहज म्हणतात. बादली गेली मागच्या महिन्यात.”

“मला कुणी का नाही सांगितलं?”

“मी सांगणार होते हो. तर माझा हात धरला, आणि ‘नाही’ म्हणाले. तो शब्द त्यांना छान येतो अजून. मग ओठांवर बोट ठेवलं. आणि मग तोंड फुगवून दाखवलं, असं काहीतरी गरम तोंडात धरल्यासारखं. मला काही अर्थ लागला नाही त्याचा.”

मला लागला.

“फोनवर देता का त्यांना?”

दूर काहीतरी बोलणं झालं. ती परत आली. “नाही म्हणतात. पानावर, म्हणतात. म्हणजे कुठल्या पानावर, उसी?”

५ ऑक्टोबर, शनिवार

मार्गदर्शिका आली. एरवी ती ट्यूटरला केस सुरू होण्याआधीच मिळते. इतकी वर्षं मी त्याच्या मार्गदर्शिका वाचत आले. संदर्भ, तक्ते, मुलं कुठे अडखळतील त्याच्या सूचना. ही एवढीच आहे:

“ट्यूटरसाठी.
सिना
सांगायचं होतं. मार्थाबाईंसमोर सराव. आजाराचं नाव येईना. मग तुझं येईना.
तू शोधलंस. शोधशील माहीत होतं.
मुलं तुझी. येऊ नको. असा बघू नको.
गाईन.”

पुन्हा पुन्हा वाचलं. मग एक दिसलं. ‘सिना’ हे बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक आहे आणि करड्या रंगात. माझ्याच एका कॉमेंटवर माझं नाव असतं तसं. तिथून उचलून त्यानं इथे आणून चिकटवलं आहे.

त्या बुधवारी माझ्या ओळीवर ‘स’ लिहून तो थांबला होता. मला वाटलं होतं, इच्छा राहिली नाही.

लग्नाच्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढलं आणि ऐकलं. शेवटी जो श्वास ऐकू येतो, तो गाणं संपल्यानंतरचा आहे असं मी धरून चालले होते. तसा तो नाही. तो दोन-तीनदा येतो आणि अडतो. काहीतरी म्हणायला घेतल्याचा श्वास आहे तो.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये कॉयरनं गायलं. मी उभी राहिले, तोंड उघडलं, पण पहिल्या कडव्यानंतर मला शब्द आठवेनात. शेजारच्या उसीनं पुस्तक पुढे केलं, ओळीवर बोट ठेवलं. किती सोपं आहे हे! अडलेल्या माणसापुढे पुस्तक धरायचं आणि बोट ठेवायचं. कुणी त्याला चूक म्हणत नाही.

येताना हलिमा भेटली, बाजारातून टोपली घेऊन चालली होती. म्हणाली, “डॉक्टर, पत्नीला कसं सांगावं, त्यावर आम्ही बरंच वाचलं. पण गेरसनचा आणि माझा अजून वाद चाललाय. तो म्हणतो, त्या माणसानं चूक केली. मी म्हणते, त्याला एवढीच पद्धत माहीत होती.” मग माझ्याकडे बघून ती थांबली. “तुम्हाला बरं नाही का?”

“बरं आहे. लिहा दोघांनी आपापलं.”

ती जरा पुढे गेली आणि वळली. तिला कळलं असावं असं मला वाटतं. हुशार आहे. पण काही बोलली नाही, टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि गेली. चांगली ट्यूटर होईल.

डीनना सांगितलं आहे की पुढच्या वर्षीचा विभाग मी घेणार नाही. गट चार मात्र सोडणार नाही, तो लांगुरहूनही चालवता येतो. त्यांनी विचारलं, एलीला हे मान्य आहे का? नाही, म्हटलं. गुरुवारी बोट आहे. सामान फारसं नाही.

पण त्याला न विचारता त्याच्या दारात उभी राहिले, तर तो मला बघून ओठांवर बोट ठेवेल आणि मी परत फिरेन, हे मला माहीत आहे. मी नेहमीच त्याचं ऐकत आले. म्हणून आधी विचारते आहे. हे इथे लिहून बघते, मग त्याच्या मार्गदर्शिकेखाली टाकते. तो काय म्हणेल तेही माहीत आहे. तो शब्द त्याला अजून छान येतो.

एली, तुझ्या सांगण्यावरून मी किती गटांसमोर तोंड मिटून बसले. सोमवारीही बसले, तू बघत होतास. आता एक मागते. मार्थाबाईंची चित्रं माझ्याकडे दे. सकाळी मी समोर बसेन, बादली दाखवेन, चमचा दाखवेन, माझा फोटो दाखवेन. तू शोध, मी थांबेन. पण अडलास, की मला ते उत्तर सांगू देशील?